मेलेल्या लाकडावरची फळीसारखी बुरशी ओळखायला आयनॅचरलिस्ट किती उपयोगी? गोव्यापुरता आढावा

पावसाळा सरता सरता काजूच्या वाळक्या फांद्यांवर, पडलेल्या आंब्याच्या खोडावर, कुळागरातल्या जुन्या पोफळीच्या बुंध्यावर फळीसारखी कडक बुरशी दिसू लागते. तिचा फोटो काढून आयनॅचरलिस्ट अ‍ॅपला दाखवणारे गोव्यात आता बरेच आहेत. आमचं मत आधीच सांगतो. हे अ‍ॅप प्रजातीपर्यंत, म्हणजे गॅनोडर्मा, ट्रॅमेटीस, हेक्सागोनिया या पहिल्या नावापर्यंत, चांगलं पोहोचवतं. तेही तुम्ही नीट फोटो दिलेत तर. त्यापुढच्या जातीच्या नावावर मात्र निम्म्याहून अधिक वेळा विश्वास ठेवू नये. आणि बुरशी खायची, उकळून प्यायची किंवा झाडावर उपचार करायचे म्हणून हे अ‍ॅप वापरायचं असेल, तर ते त्यासाठी नाही.

सेवा फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. 2008 साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून ती सुरू झाली आणि 2023 पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते. फोन आणि संकेतस्थळ दोन्हीकडे खातं एकच. तिची दोन अंगं आहेत आणि ती वेगळी धरली नाहीत तर अ‍ॅपबद्दलचं मत चुकतं. पहिलं अंग म्हणजे फोटो बघून क्षणात नाव सुचवणारं यंत्र. दुसरं म्हणजे नोंद पाहून नाव सुचवणारी, चूक दाखवणारी, वाद घालणारी माणसं. लाकडावरच्या बुरशीसाठी खरी किंमत दुसऱ्या अंगाची आहे. यंत्राचं नाव मिळालं की बहुतेक जण थांबतात, म्हणून त्यांच्या हाती अर्धीच सेवा लागते.

यंत्र एका वेळी एकच फोटो बघतं. तुम्ही पाच फोटो जोडलेत तरी सूचना साधारणतः पहिल्या फोटोवरून येते. संकेतस्थळावर सूचनांच्या पानावर दुसरा फोटो निवडून पुन्हा विचारता येतं. लोक पहिला फोटो हमखास वरून काढतात, कारण वरचे पट्टे आणि रंग डोळ्यांत भरतात. पण बुरशीचा वरचा भाग ऊन, पाऊस, शेवाळ आणि वय यांनी बदलतो. ओळख ठरते ती खालच्या बाजूवर. एकाच बुरशीचा आधी वरचा, मग खालचा फोटो देऊन पाहा. सूचनांची यादी बदलते, आणि बहुतेक वेळा दुसरी यादी अधिक बरोबर असते.

पट्टेदार, पातळ, पंख्याच्या आकाराची कोणतीही बुरशी दाखवली की वरून घेतलेल्या फोटोवर अ‍ॅप ट्रॅमेटीस व्हर्सिकलर हे नाव पुढे करतं. युरोप-अमेरिकेत तिचे ढिगाने फोटो आहेत, म्हणून यंत्राला ती चांगली पाठ आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागातल्या ओल्या रानात असे पट्टे दाखवणारी सर्वांत सामान्य बुरशी मात्र मायक्रोपोरस झँथोपस. ती पातळ, नरसाळ्याच्या आकाराची, तपकिरी वर्तुळांची असते. तिला पिवळसर देठ असतो आणि देठ लाकडाला टेकतो तिथे छोटी चकती असते. खालची छिद्रं इतकी बारीक की साध्या डोळ्यांना तळ गुळगुळीत वाटतो. भिंगातून मोजली तर एका मिलिमीटरात सात-आठहून अधिक भरतात. ट्रॅमेटीस व्हर्सिकलरमध्ये ती साधारण तीन ते पाच असतात आणि देठ नसतो. देठाचा आणि चकतीचा फोटो दिलात तर हा गोंधळ तिथेच मिटतो.

पट्टे सारखेच पण खाली छिद्रंच नाहीत, तळ अगदी सपाट, पिवळसर किंवा फिकट तपकिरी, असं असेल तर ती स्टेरियम. ही छिद्रवाली बुरशी नाहीच, वेगळ्याच गटातली. वरच्या फोटोवरून माणसालाही हा फरक खात्रीने करता येत नाही, तर यंत्राला कुठून येणार? म्हणून पहिला नियम हा: बुरशी उलटी करून पाहिल्याशिवाय अ‍ॅप उघडू नका.

खालची बाजू पाहिल्यावर गोव्यातल्या नेहमीच्या बुरश्या पटापट वेगळ्या होतात. तळाला पंख्यासारखे पसरलेले पडदे आणि प्रत्येक पडदा कडेला उभा चिरलेला असेल, वर राखाडी-पांढरी लव असेल, तर ते शायझोफायलम कम्यून. आंबा, काजू, सरपणाचा ढीग, कुंपणाचा खांब, कुठेही येतं. कोरडं पडलं की चिरलेले पडदे आत वळतात, ओलं झालं की पुन्हा उघडतात. हे अ‍ॅपला जवळजवळ कधीच चुकत नाही. छिद्रं मोठी, षट्कोनी, मधमाशीच्या पोळ्यासारखी असतील तर हेक्सागोनिया. त्यातली हेक्सागोनिया अ‍ॅपिएरिया दणकट, वर काळसर राठ केस असलेली आणि प्रत्येक छिद्र दोन-तीन मिलिमीटर रुंद. हेक्सागोनिया टेनुइस कागदासारखी पातळ, केस नाहीत, छिद्रं बारीक. या दोन्हींत यंत्र बरं चालतं. वरून-खालून सगळीकडे शेंदरी-लाल बुरशी, बहुधा उन्हात पडलेल्या, साल गेलेल्या लाकडावर, म्हणजे पिक्नोपोरस. अ‍ॅप कधी सँग्विनियस सांगतं, कधी सिन्नाबॅरिनस. आपल्याकडच्या उष्ण किनारपट्टीवर सँग्विनियसचीच अपेक्षा धरावी: ती पातळ असते आणि छिद्रं मिलिमीटरला पाच-सहा. सिन्नाबॅरिनस जाड, छिद्रं मोठी, दोन ते चारच, आणि ती थंड प्रदेशातली. अलीकडे काही तज्ज्ञ दोन्ही ट्रॅमेटीसमध्ये धरतात, त्यामुळे अ‍ॅपवर नाव बदललेलं दिसलं तर दचकू नका.

अर्लिएला स्कॅब्रोसाचं इथे खास नाव घ्यायला हवं, कारण ती भरपूर दिसते आणि तिच्या नोंदी बहुधा अपुऱ्या फोटोंमुळे अडकून पडतात. पांढरी, लाकडाला चिकटून पसरणारी, कडेला छोटी टोपी काढणारी आणि टोपीवर बुडापासून वाढत जाणारं तांबूस-लाल कवच असलेली बुरशी. छिद्रं वेडीवाकडी, लांबट, मिलिमीटरला दोन-तीन. तांबडं कवच आणि छिद्रं दोन्ही एका नोंदीत असली तर ओळखणारे लगेच नाव देतात. नुसता पांढऱ्या पसाऱ्याचा फोटो असेल तर कुणी हातही लावत नाही.

फोटो कसे काढायचे यात काटकसर करू नका. एका नोंदीला सहा फोटो द्या. पहिला खालच्या बाजूचा, जवळून. दुसरा वरच्या बाजूचा. तिसरा बाजूने, जाडी आणि लाकडाला जोडलेली जागा दिसेल असा. चौथा कापलेल्या तुकड्याचा: आतल्या मांसाचा रंग आणि छिद्रांमागच्या नळ्यांचे थर. पाचवा अख्ख्या खोडाचा, साल दिसेल असा. सहावा कुजलेल्या लाकडाचा. हा सहावा फोटो जवळपास कुणीच काढत नाही. लाकूड फिकट, तंतुमय, ओलसर झालं असेल तर पांढरी कूज, म्हणजे बुरशी लाकडाला कडकपणा देणारं लिग्निनसुद्धा पचवते. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठिकऱ्यांत तडकलं असेल तर तपकिरी कूज: तंतूंचं सेल्युलोज गेलं, लिग्निन राहिलं. आपल्याकडच्या रानात पांढरी कूज करणाऱ्या जातीच फार. त्यामुळे तपकिरी ठिकऱ्या दिसल्या की ओळखणाऱ्याचं काम एका फटक्यात अर्धं होतं.

छिद्रांचा फोटो हा सगळ्यांत अवघड. फोनच्या वेगळ्या मॅक्रो कॅमेऱ्यावर विसंबू नका. स्वस्त फोनमध्ये तो कमी रिझोल्यूशनचा असतो आणि कडा पुसट येतात. त्यापेक्षा 10 पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या, सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतं, आणि मुख्य कॅमेऱ्याच्या काचेला टेकवून धरा. अशा भिंगाचं अंतर सुमारे अडीच सेंटिमीटर असतं, म्हणून बुरशीही तेवढ्याच जवळ यायला हवी. फोन हातात न हलवता बुरशीच सावकाश जवळ-दूर करा. शेजारी मिलिमीटरची पारदर्शक पट्टी ठेवा, म्हणजे छिद्रं मोजता येतात. प्रकाश तिरका हवा: फोनचा फ्लॅश बंद, बाजूने छोटी टॉर्च. समोरून फ्लॅश मारला की पांढरा तळ जळून जातो आणि छिद्रं दिसतच नाहीत. जून-जुलैच्या पावसात भिंगावर वाफ धरते. भिंग खिशात अंगाजवळ ठेवलं की ती धरत नाही.

आता गॅनोडर्मा. गोव्यात अ‍ॅपकडून सर्वाधिक दिशाभूल इथेच होते, आणि यात दोष यंत्राचा कमी, पुस्तकी सवयीचा जास्त. वर चकचकीत लाखेसारखा तांबडा-तपकिरी थर असलेला गॅनोडर्मा दिसला की नाव येतं गॅनोडर्मा लुसिडम. यातलं लुसिडम हे जातीचं नाव 1781 साली विल्यम कर्टिस यांनी इंग्लंडमधल्या नमुन्यावरून दिलं. उष्ण कटिबंधातल्या लाखदार गॅनोडर्मांना ते वर्षानुवर्षं चिकटवलं गेलं, पण त्यातल्या पुष्कळ जाती वेगळ्या आहेत. त्या फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि कधी डीएनए. त्यामुळे इथे प्रामाणिक नोंद एवढीच: गॅनोडर्मा, लाखदार गट. अ‍ॅपमध्ये जातीचं नाव न निवडता प्रजाती निवडा.

लाख नसलेला, मातकट, कडक, खाली पांढरा तळ असलेला गॅनोडर्मा दिसला तर नखाने हलकी रेघ ओढा. पांढऱ्या तळावर तपकिरी रेघ उठते आणि राहते. अ‍ॅप त्याला अ‍ॅप्लानाटम म्हणेल. उष्ण प्रदेशात तो गॅनोडर्मा ऑस्ट्राले गटातला असण्याची शक्यता अधिक. वरच्या बाजूला आणि आजूबाजूच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी पडलेली असेल तर तिचाही फोटो घ्या. ते बीजाणू आहेत आणि गॅनोडर्मा ओळखायला त्याहून सोपी खूण नाही.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. अ‍ॅपने लुसिडम म्हटलं म्हणून ते औषधी रेशी समजून उकळून पिणारे आणि पिण्यासाठी विकणारे लोक आहेत. तसं करू नका. नाव खात्रीचं नाही, आणि रानातल्या लाकडातून बुरशीने काय काय ओढून घेतलंय तेही तपासलेलं नाही.

फेलिनस आणि त्याच्या नात्यातल्या बुरश्यांत अ‍ॅप सर्वांत कमजोर आहे. त्या खुरासारख्या, गडद तपकिरी, वर भेगाळलेल्या, लाकडासारख्या कडक असतात. कोकण-गोव्यात फणसाच्या जुन्या खोडावरचा फणसोंबा याच गटातला. लहान मुलांची लाळ गळते म्हणून तो उगाळून देण्याची जुनी रीत आहे. बाजारात फणसोंबा म्हणून मिळणारे तुकडे सगळे एकाच जातीचे नसतात, फणसावरचेच असतात असंही नाही. अ‍ॅप इथे कधी फोमेस, कधी गॅनोडर्मा सांगतं. घरच्या घरी करण्यासारखी एक कसोटी आहे. आतल्या मांसाचा छोटा तुकडा घेऊन त्यावर 5 टक्क्यांच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा. फेलिनसच्या कुळात तो डाग लगेच काळा पडतो आणि काळाच राहतो. पांढऱ्या मांसाच्या ट्रॅमेटीससारख्या बुरशीत काही होत नाही किंवा फार तर फिकट पिवळं होतं. सावधगिरी एवढी की गॅनोडर्मा आणि हेक्सागोनियाही गडद होतात, त्यामुळे काळा डाग म्हणजे फेलिनस असा उलटा निष्कर्ष काढू नये. छिद्रं अतिशय बारीक, मांस गंजासारखं तपकिरी, बीजाणूंची कोको-भुकटी नाही आणि काळा डाग, हे सगळं एकत्र आलं तर फेलिनस गट. द्रावण दाहक आहे: हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा, आणि थेंब टाकलेला तुकडा नमुन्यात परत ठेवू नका. थेंबाआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो नोंदीला जोडा आणि टीपेत द्रावणाचं प्रमाण लिहा.

माणसांकडून ओळख मिळवण्याचा भाग या सेवेत धीराचा आहे. पक्षी किंवा फुलपाखराच्या नोंदीला तासाभरात उत्तर येतं. लाकडावरच्या बुरशीच्या नोंदी महिनोन्‌महिने तशाच राहतात, कारण आशियातल्या पॉलिपोअरवर, म्हणजे छिद्रवाल्या बुरश्यांवर, बसून काम करणारे थोडे. नोंद नुसती बुरशी म्हणून सोडली तर ती हजारोंत हरवते. प्रजाती भरली तर त्या प्रजातीवर लक्ष ठेवणाऱ्याच्या नजरेत येते. टीपेत मराठीत लिहायला हरकत नाही, पण झाडाचं नाव शास्त्रीयही द्या: किंदळ म्हणजे टर्मिनालिया पॅनिक्युलाटा, काजू म्हणजे अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले. मेलेल्या खोडाची साल ओळखता येत नसेल तर अंदाज लिहू नका, ‘झाड अज्ञात’ लिहा.

आणि आता या सेवेतला खरा धोका. नोंदीला दोन जणांनी एकच नाव दिलं आणि सहमती दोन-तृतीयांशाहून अधिक झाली की ती ‘संशोधन दर्जा’ची होते आणि योग्य परवाना असेल तर जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जाते. कुणी आपल्या बुरशीला नाव दिलं की आपण आनंदाने ‘सहमत’ बटण दाबतो. आभार मानण्याची ती जागा नाही. तुम्ही स्वतः छिद्रं मोजून, खुणा पडताळून त्या नावापर्यंत पोहोचला असाल तरच दाबा. नाहीतर खाली आभाराची एक ओळ लिहा. गोव्यातून युरोपीय जातींच्या पक्क्या दिसणाऱ्या नोंदी तयार होतात त्या याच सवयीतून, आणि पुढचं यंत्र त्याच नोंदींवर शिकतं. ज्या नोंदीत प्रजातीच्या पुढे जाणं शक्यच नाही, तिथे माहितीच्या दर्जाच्या रकान्यात ‘याहून सुधारता येणार नाही’ असं मत देता येतं. मग प्रजातीच्या पातळीवरही नोंदीला संशोधन दर्जा मिळतो. लाखदार गॅनोडर्मासाठी ही सोय फार मोलाची आहे आणि फार कमी वापरली जाते.

अजून एक चूक नेहमीची: लागवडीच्या माडावर किंवा पोफळीवर बुरशी आली म्हणून ‘पाळीव किंवा लावलेलं’ या खुणेवर टिचकी मारली जाते. लावलेलं झाड आहे; बुरशी आपली आपण आली. ती जंगलीच धरायची.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर त्यातली तारीख आणि जागा निघून गेलेली असते. मग अ‍ॅप आजची तारीख धरतं किंवा जागा विचारतं, आणि लोक नकाशावर ढोबळ टिंब टाकतात. मूळ फोटो मागवा. मोले किंवा नेत्रावळीच्या रानात नेटवर्क नसतं, पण फोनचा जीपीएस नेटवर्कशिवायही चालतो. कॅमेऱ्यात जागेची नोंद चालू ठेवा, उघड्या जागी मिनिटभर थांबा, आणि नोंद घरी येऊन चढवा. अचूकतेचं वर्तुळ काही किलोमीटरचं झालं असेल तर ते हाताने लहान करा. खासगी कुळागरातली नोंद असेल तर जागा ‘धूसर’ करा: खरं ठिकाण 0.2 अंशांच्या चौकोनात कुठेतरी आहे एवढंच इतरांना दिसतं, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे 22 किलोमीटर.

कापून पाहणं, रसायन टाकणं, नमुना नेणं हे सगळं आपल्या किंवा परवानगी दिलेल्याच्या जागेत. भगवान महावीर, खोतीगाव, बोंडला, म्हादई, नेत्रावळी या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय मेलेल्या फांदीवरची बुरशीही उचलायची नाही. तिथे खालचा फोटो हवा असेल तर बुरशी न तोडता फोन खाली धरून घ्या, किंवा छोटा आरसा खाली ठेवून त्यातलं प्रतिबिंब टिपा.

स्वतःच्या बागेतला नमुना ठेवायचा असेल तर कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. गोव्याच्या दमट हवेत प्लास्टिकमध्ये एका रात्रीत वरून दुसरी बुरशी चढते. आधी तुकडा काळ्या-पांढऱ्या कागदावर छिद्रं खाली करून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी बीजाणूंचा ठसा मिळतो: गॅनोडर्माचा तपकिरी, ट्रॅमेटीसचा पांढरा. जुन्या, सुकलेल्या बुरशीचा ठसा येत नाही. मग 40 ते 45 अंशांवर पूर्ण वाळवा आणि आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. नाहीतर आतले बारीक भुंगेरे वर्षभरात नमुन्याचा भुगा करतात. पाकिटावर नोंदीचा क्रमांक लिहा, म्हणजे पुढे कुणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला मागितला तर फोटो आणि नमुना यांची गाठ पडते.

पर्याय म्हणून याच संस्थेचं सीक अ‍ॅप आहे. खातं लागत नाही, शाळेतल्या मुलांसोबत रानात फिरायला छान, पण तिथे माणसं नाहीत, नोंदीत टीप नाही, त्यामुळे बुरशीत ते लवकर थांबतं. गूगल लेन्स मिळतीजुळती चित्रं आणतं. ते नाव पडताळणारं तिथे कुणी नाही. या कामासाठी आमची पसंती आयनॅचरलिस्टलाच, आणि भिंगासह.

बागायतदारांसाठी वेगळं सांगावं लागतं. जिवंत माडाच्या किंवा पोफळीच्या बुंध्याशी गॅनोडर्माची फळी आली असेल तर अ‍ॅपच्या उत्तराची वाट पाहू नका. फळी दिसते तोवर आतली मुळं आणि बुंधा बराच कुजलेला असतो, आणि रोग मुळांतून व मातीतून शेजारच्या झाडाकडे सरकतो. बुंध्यातून तपकिरी-लालसर रस गळतोय का, खालच्या झावळ्या गळून लोंबताहेत का, ते बघा. फळीचे, बुंध्याचे आणि शेंड्याचे फोटो काढा आणि थेट विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे इथल्या एला गावातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवा. नोंद अ‍ॅपवर नंतर चढवली तरी चालेल. आळ्यातलं पाणी शेजारच्या माडाकडे वाहू न देणं आणि कुजका बुंधा मुळांसकट काढून जाळणं हे आधी.